औषध तेच, माणूस वेगळा

एकाच घरातील दोन भावांना एकाच साथीत ताप येतो. डॉक्टर दोघांनाही तेच औषध, त्याच मात्रेत देतात. थोरला चौथ्या दिवशी उठून कामाला लागतो. धाकट्याला मात्र त्याच गोळ्यांनी नवे दुखणे जडते. ‘त्याला ते औषध मानवले नाही,’ एवढे बोलून घरची मंडळी विषय संपवितात. या अनुभवासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. औषध लागू पडते, गुण देते, मानवते, बाधते, अंगावर उठते. लोकांनी ही गोष्ट किती पूर्वीपासून पाहिली व ओळखली होती याची साक्ष ही क्रियापदेच देतात.

परंतु ‘मानवले नाही’ हे वर्णन झाले, कारण नव्हे. कारणे अनेक असतात. वय, आहार, मूत्रपिंडाची स्थिती, सोबत चाललेली दुसरी औषधे, आणि कित्येकदा गोळ्या वेळेवर न घेणे, ही त्यांतील नित्याची होत. या सर्वांच्या जोडीला एक कारण जन्माबरोबरच येते. ते म्हणजे आई-वडिलांकडून मिळालेला वारसा. या कारणाचा विचार करणाऱ्या शास्त्रास औषध-आनुवंशिकी म्हणता येईल. उद्या डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्यास हे शास्त्र कसे शिकवावे, हा प्रश्न आज जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांपुढे आहे. त्या प्रश्नाच्या उत्तरावर सामान्य रोग्याचे हिताहित अवलंबून असल्यामुळे तो केवळ अध्यापकांचा प्रश्न राहात नाही.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. पोटात गेलेले औषध हा शरीराच्या दृष्टीने परका पाहुणा होय. त्याची विल्हेवाट लावण्याचे काम मुख्यतः यकृतात चालते आणि ते एन्झाइम नावाची प्रथिने करतात. कोणते प्रथिन कसे घडवावे याची कृती जनुकांत लिहिलेली असते, आणि बहुतेक जनुकांची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. घरोघरी मसाल्याची कृती एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवून घेताना एखादे अक्षर बदलते. बहुधा त्याने चवीत फरक पडत नाही. पण ‘चमचा’च्या ठिकाणी ‘वाटी’ लिहिली गेली तर पदार्थ बिघडतो. जनुकांचेही तसेच आहे. पिढ्यान् पिढ्या नकला होताना पडलेले बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. काही थोड्या फरकांनी एन्झाइम मंदावते, नाहीसे होते, किंवा क्वचित् भलतेच जोरकस बनते. मंद एन्झाइमच्या माणसात औषध साचत जाऊन नेहमीची मात्राही विषासमान होते. जोरकस एन्झाइमच्या माणसात ते काम करण्यापूर्वीच नाहीसे होते. गंमत अशी की, असा मनुष्य एरवी धडधाकट असतो. त्याच्यातील उणीव त्या एका औषधाची गाठ पडेपर्यंत कोणास, त्याला स्वतःलाही, ठाऊक नसते.

हे शास्त्र ज्या घटनांतून जन्माला आले, त्यांतील तीन प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेण्याजोग्या आहेत.

पहिली घटना हिवतापाच्या औषधाची. प्रायमाक्विन या औषधाची परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व नंतर अमेरिकेत चालली असता असे दिसले की, बहुसंख्य लोक ते निर्वेध घेतात, पण काहींना, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या काही पुरुषांना, थोड्याच दिवसांत कावीळ होते, लघवी कोऱ्या चहासारखी काळसर होते आणि अंगातील रक्त झपाट्याने कमी होते. दोष औषधाचा की रोग्याचा? शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी इलिनॉय राज्यातील एका तुरुंगात याचा शोध घेतला. ज्यांना औषध बाधते त्यांच्या तांबड्या पेशींना खुणेदाखल किरणोत्सर्गी द्रव्य लावून त्यांनी त्या निरोगी माणसाच्या शिरेत सोडल्या आणि मग त्याला प्रायमाक्विन दिले. पाहुण्या पेशी तेवढ्या फुटल्या. त्याच्या स्वतःच्या सुखरूप राहिल्या. उणीव पेशीतच होती हे सिद्ध झाले, आणि १९५६ साली तिचे नावही कळले. त्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम कमी पडत होते. वैद्यकात त्याला थोडक्यात ‘जी-६-पी-डी’ म्हणतात. या एन्झाइमचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषास ते गुणसूत्र एकच, आणि तेही आईकडून मिळते. म्हणून ही उणीव पुरुषांत अधिक प्रकट होते व आई मात्र स्वतः निरोगी असू शकते. विद्यार्थ्याने या कथेतून आणखी एक धडा घ्यावयाचा असतो. हे प्रयोग कैद्यांवर झाले. बंदिवानाची संमती खरोखर मोकळ्या मनाची असते काय, हा प्रश्न त्या संशोधनाच्या मोलाइतकाच मोठा आहे.

दुसरी घटना शस्त्रक्रियागृहातील. भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सामेथोनियम नावाचे औषध १९५१ पासून वापरात आले. त्याचा अंमल पाचेक मिनिटांत उतरतो, हाच त्याचा मोठा गुण. पण क्वचित् एखादा रोगी पाच मिनिटांनी श्वास घेऊ लागत नाही. तास उलटतो, दोन तास उलटतात, छातीचे स्नायू हलत नाहीत. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर तो पूर्ण बरा होतो. न ठेवला तर प्राणास मुकतो. कॅनडातील टोरांटो येथील वेर्नर कालो यांनी १९५७ च्या सुमारास दाखविले की, अशा रोग्यांच्या रक्तातील औषध फोडणारे एन्झाइम निराळ्या घडणीचे असते. रक्ताच्या साध्या तपासणीने ते ओळखण्याची रीतही त्यांनी बसविली आणि हा फरक कुटुंबात वारशाने उतरतो हे दाखवून दिले.

तिसरी घटना क्षयरोगाची, आणि ती भारताच्या अधिक जवळची. आयसोनियाझिड हे औषध १९५२ साली क्षयावर वापरात आले आणि लक्षावधी जीव वाचले. पण काही रोग्यांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तळवे बधिर होऊ लागले. अमेरिकेत प्राइस एव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३ कुटुंबांतील माणसांना औषध देऊन सहा तासांनी रक्तातील प्रमाण मोजले. त्यांचे निष्कर्ष १९६० साली प्रसिद्ध झाले. माणसांचे सरळ दोन गट पडले. एका गटात औषध लवकर निष्प्रभ होत होते, दुसऱ्यात सावकाश. आणि सावकाशपणा आई-वडील दोघांकडून एकेक प्रत मिळाली म्हणजे उतरत होता. त्याच काळात, १९५६ साली मद्रासला स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्रात दक्षिण भारतीय रोग्यांची अशीच तपासणी झाली, आणि निम्म्याहून अधिक लोक सावकाश गटातील निघाले. म्हणजे पुस्तकात ज्याला अपवाद समजावे, तोच येथे बहुमतात होता. उपाय मात्र स्वस्त व सोपा ठरला. बी-६ जीवनसत्त्वाची लहानशी गोळी सोबत दिली की मज्जातंतूंचा हा त्रास बहुधा टळतो.

अशा घटनांचा मेळ घालून अमेरिकेतील आर्नो मोटुल्स्की यांनी १९५७ साली सर्वसाधारण सिद्धांत मांडला. जर्मनीतील फ्रिड्रिख फोगेल यांनी १९५९ साली या शास्त्रास नाव दिले. आणि १९६२ साली कालो यांचा या विषयावरील ग्रंथ बाहेर पडला. म्हणजे शास्त्र साठ वर्षांहून जुने आहे. तरीही कित्येक दशके वैद्यकीय वर्गांत ते तळटिपेसारखे राहिले. औषधशास्त्राच्या तासाला सरासरी माणसाची मात्रा शिकविली जाई. अनुवंशशास्त्राच्या तासाला दुर्मीळ जन्मजात रोग शिकविले जात. दोन्ही तासांच्या मध्ये जी भिंत होती तिच्या आड हा विषय हरवला.

पुढे तो अध्यापकांच्याच अंगाशी आला. लंडनमधील सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली रक्तदाबावरील डेब्रिसोक्विन हे औषध अभ्यासासाठी स्वतःच घेतले. इतरांना फारसे काही झाले नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका उतरला की त्यांना उभे राहाणे अशक्य झाले. त्या एका अनुभवातून दोन वर्षांच्या आत यकृतातील एका महत्त्वाच्या एन्झाइमचा आनुवंशिक फरक उजेडात आला. पुढे कळले की, हेच एन्झाइम कोडीन या वेदनाशामकाचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करते. ज्याच्या ठिकाणी ते नाही त्याला कोडीनने वेदना थांबत नाही. ज्याच्या ठिकाणी ते फार जोरकस आहे त्याच्या अंगात मॉर्फिनचा पूर येतो. टॉन्सिल काढलेल्या मुलांना कोडीन दिल्यावर काही बालके श्वास मंदावून दगावल्याचे लक्षात येताच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली त्याविरुद्ध कडक इशारा दिला आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना ते देऊच नये असे ठरविले. ‘मूल शांत झोपले आहे’ असे वाटत असताना ते संकटात असू शकते, हे ज्याला वर्गात कोणी सांगितले नाही त्या डॉक्टरने रात्री काय करावे?

तेव्हा शिकविले पाहिजे, याविषयी दुमत नाही. कसे, यातच खरी अडचण आहे. सर्वांत सोपी रीत म्हणजे तक्ता देणे. डावीकडे औषधाचे नाव, उजवीकडे जनुकाचे नाव. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत उतरवितो आणि विसरतो. जनुकांची नावे आकड्या-अक्षरांची व रुक्ष असल्यामुळे विसरण्यासही वेळ लागत नाही. शिवाय तक्ता दरवर्षी लांबत जातो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१० साली निराळा प्रयोग झाला. विद्यार्थ्यांनी इच्छा असल्यास स्वतःच्याच जनुकांची तपासणी करून घ्यावी आणि त्या माहितीवर वर्गातील उदाहरणे सोडवावी, अशी योजना होती. तिला आरंभी विरोध झाला, आणि तो अकारण नव्हता. विद्यार्थ्यास न मागता एखाद्या गंभीर रोगाची पूर्वसूचना मिळाली तर? वर्गमित्रांना ते कळले तर? गुरूच्या भिडेने कोणी नाखुशीने होकार दिला तर? म्हणून तपासणी ऐच्छिक ठेवण्यात आली, ज्यांना ती नको त्यांना उदाहरणादाखल दुसऱ्याची माहिती देण्यात आली, सल्ला देणारे तज्ज्ञ ठेवले गेले, आणि कोणी तपासणी केली हे अध्यापकांपासून गुप्त राखले गेले. पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, स्वतःची माहिती वापरणाऱ्यांचे ज्ञान इतरांपेक्षा अधिक वाढले. अर्थात तपासणी करून घेणारे मुळातच अधिक उत्सुक असू शकतात, हे ध्यानात ठेवूनच या निष्कर्षाचे वजन करावे. तथापि त्यातील मर्म अध्यापकास पटण्यासारखे आहे. ‘अमुक टक्के लोकांत हे औषध चालत नाही’ हे वाक्य कानाआड होते. ‘हे औषध माझ्या अंगात चालणार नाही’ हे वाक्य जन्मभर आठवते.

प्रत्येक महाविद्यालयास असा खर्च परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. हाच बोध एका कागदाच्या पट्टीने देता येतो. १९३१ साली अमेरिकेतील आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने ती फार कडू असल्याची तक्रार केली. फॉक्स यांना मात्र काहीच चव लागेना. त्या पदार्थाचे नाव फेनिलथायोकार्बामाइड. त्याची कडू चव लागणे न लागणे वारशाने ठरते. तो अत्यल्प प्रमाणात लावलेली पट्टी विद्यार्थ्यांच्या जिभेवर ठेवली की अर्धा वर्ग तोंड वाकडे करतो आणि काही जण कोरा कागद चघळल्यासारखे पाहात राहातात. पदार्थ एक, जिभा वेगळ्या. दोहोंपैकी कोणीही आजारी नाही व कोणी खोटेही बोलत नाही. औषध-आनुवंशिकीचा पहिला धडा एवढाच आहे.

दुसरा धडा अधिक नाजूक आहे, आणि भारतात तो विशेष काळजीने शिकविला पाहिजे. जनुकांतील हे फरक सर्व समाजांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. मुंबईच्या पारशी समाजात जी-६-पी-डीची उणीव बरीच आढळते, हे १९६० नंतरच्या दशकातच दिसून आले होते. या एन्झाइमच्या एका प्रकारास तर कल्याण गावाचेच नाव मिळाले आहे. एका कोळी कुटुंबात आढळलेल्या त्या प्रकाराचे वर्णन १९८४ साली प्रसिद्ध झाले. आंध्र, तेलंगण व तमिळनाडूत पसरलेल्या वैश्य समाजात सक्सामेथोनियम फोडणाऱ्या एन्झाइमची उणीव इतरांहून पुष्कळ अधिक आढळते, आणि तिच्या मुळाशी असलेला जनुकातील फरक २००६ साली दाखविण्यात आला. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ सालच्या अभ्यासाने याची संगती लावली. दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले असता ८१ गट थोड्याशा पूर्वजांपासून वाढलेले व शतकानुशतके आपसांतच विवाह करणारे आढळले. पूर्वजांपैकी एकाच्या वहीतील चुकलेले अक्षर अशा गटात घरोघरी उतरते.

आता विद्यार्थ्यापुढे मोह उभा राहातो. रोग्याचे आडनाव वाचावे आणि निकाल लावून टाकावा! अध्यापकाने येथेच त्याचा हात धरावयाचा असतो. समाजावरून शक्यता कळते, व्यक्ती कळत नाही. ज्या समाजात शंभरांत पंधरांना उणीव आहे तेथेही पंचाऐंशींना ती नाही; त्यांना नामी औषधापासून वंचित ठेवणे हाही अपराधच. उलट, ज्या समाजाचे नाव पुस्तकात नाही त्यातील एखाद्या रोग्याला नेमकी तीच उणीव असू शकते. आडनाव हे फार तर ‘तपासून पाहा’ एवढे सुचविते. कोणत्याही समाजाच्या रक्तास कमी-अधिक लेखण्याशी याचा काडीइतकाही संबंध नाही. जी-६-पी-डीची उणीव हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिली, याचे एक कारण ती हिवतापापासून थोडे संरक्षण देते, हे होय. एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी ढाल झाला.

परदेशी पुस्तक जसेच्या तसे पाठ करूनही भागत नाही. अपस्मारावरील कार्बामाझेपिन या औषधाने क्वचित् अंगभर फोड येऊन कातडी सोलून निघते व प्राण धोक्यात येतात. या प्रतिक्रियेशी निगडित असलेला जनुकप्रकार २००४ साली तैवानमधील संशोधकांनी शोधला. तो युरोपीय लोकांत जवळजवळ नसतोच, आशियात आढळतो. रक्ताच्या कर्करोगावरील मर्काप्टोप्युरिनची मात्रा ठरविताना युरोपात एक जनुक तपासण्याची पद्धत पडली होती. तो तपासून ‘सर्व ठीक’ असा निर्वाळा मिळालेल्या आशियाई रोग्यांच्याही पांढऱ्या पेशी औषधाने धोकादायक रीतीने घटू लागल्या, तेव्हा २०१४ साली दुसराच एक जनुक कारण म्हणून पुढे आला. जेथे पाहावयास हवे होते तेथे कोणी पाहिलेच नव्हते. भारतीय विद्यार्थ्याने भारतीय रोग्याकडे पाहावे, हा उपदेश येथे शब्दशः खरा ठरतो.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात औषध-आनुवंशिकीचा उल्लेख आहे. पण उल्लेख असणे निराळे आणि विद्यार्थ्याच्या अंगी सवय मुरणे निराळे. ही सवय वॉर्डातच लागते, आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. केसपेपर लिहिताना एक प्रश्न नेमाने विचारावा: ‘तुम्हांला किंवा तुमच्या घरात कोणाला एखाद्या औषधाने, इंजेक्शनाने किंवा भूल देताना कधी त्रास झाला होता काय?’ उत्तर आले की तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढावा. हिवतापासाठी चौदा दिवसांचे प्रायमाक्विन लिहिण्यापूर्वी जी-६-पी-डीची तपासणी करावी, आणि ते देताना लघवीचा रंग काळसर झाला तर गोळ्या थांबवून ताबडतोब यावे, असे रोग्यास त्याच्या भाषेत सांगावे. ज्यास एकदा अशी प्रतिक्रिया झाली त्याला औषधाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले कार्ड द्यावे, व त्याच्या भावंडांनाही कळवावे. भूल देताना ज्याचा श्वास दोन तास परतला नाही, त्याच्या बहिणीचे बाळंतपण उद्या शस्त्रक्रियेने व्हावयाचे असेल. तेथील भूलतज्ज्ञास ही हकीकत कळली तर तो दुसरे औषध निवडील. न कळली तर तीच घटका पुन्हा येईल. पाच ओळींची चिठ्ठी लिहिण्यास फार तर पाच मिनिटे लागतात.

शेवटी एक गोष्ट उरते, आणि ती कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. औषध बाधले अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रोग्याला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’, ‘इतरांना तर काही होत नाही’ असे ऐकून पुष्कळदा परत जावे लागते. इतरांना काही होत नाही हे खरे असते. त्याला होते हेही खरे असते. ही दोन सत्ये एकाच वेळी मनात धरता येणे म्हणजे हा विषय समजणे होय. ज्या विद्यार्थ्याला एवढे साधले त्याने जनुकांची निम्मी नावे विसरली तरी चालेल. ती पुस्तकात सापडतात. रोग्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, मग तपासावे, आणि मगच ते खोडावे किंवा मान्य करावे, हे मात्र पुस्तकात शोधून सापडत नाही. ते गुरूच्या वागण्यातून शिष्याकडे उतरते, आणि हा वारसा जनुकांवर अवलंबून नाही.